आकाशात अनोळखी दिवा दिसला तर लढाऊ विमान का धाडतात?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "उडत्या तबकड्या म्हणून ज्या काही दिसतात त्यांतल्या बहुतेक शुक्र, फुगे, ड्रोन किंवा उपग्रह असतात, असं शास्त्रज्ञ सांगतात. मग त्यांच्यामागे हवाई दल लढाऊ विमानं का पाठवतं? एक तर सैन्याला आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे आणि ते लपवतात, नाहीतर चांदणीमागे विमान पळवून लोकांचा पैसा उधळतात. यातलं खरं काय?"

या दोन्हींत खरं काही नाही. बावीस वर्षं मी हेच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी हवाई दलात फायटर कंट्रोलर होतो. अंधाऱ्या खोलीत रडारच्या पडद्यासमोर बसायचं, पडद्यावर उमटणारा प्रत्येक ठिपका कुणाचा आहे ते ठरवायचं, आणि ठरलं नाही तर वैमानिकाला त्याच्याजवळ नेऊन "बघून सांग" म्हणायचं. निवृत्त झाल्यापासून शाळांच्या गच्चीवर मुलांना दुर्बिणीतून ग्रह दाखवतो. त्यामुळे ठिपका आणि चांदणी, दोन्ही बाजू थोड्याफार माहीत आहेत.

आधी शब्द नीट लावून घेऊ. देशाच्या आकाशात शिरणाऱ्या किंवा उडणाऱ्या विमानाची वेळ, मार्ग, उंची आधी कळवलेली असते. त्याला एअर डिफेन्सचा मंजुरी क्रमांक मिळतो. विमानातला ट्रान्सपाँडर आपली ओळख सांगत राहतो, लष्करी विमानात त्यासाठी आयएफएफ, म्हणजे आपला की परका हे सांगणारं यंत्र असतं. कंट्रोलर ही सगळी माहिती ठिपक्यांशी ताडून बघतो. जुळलं की झालं. जे जुळत नाही त्याला आमच्याकडे बोगी म्हणतात. बोगी म्हणजे शत्रू नव्हे. शत्रू असल्याचं पक्कं झालं की शब्द बदलतो, मग तो बँडिट. या दोन शब्दांत जे अंतर आहे ना, तेच अख्खं आमचं काम. विमान धाडलं की बाहेरच्या माणसाला वाटतं सैन्याने बँडिट मानलं. प्रत्यक्षात तेव्हा ते बोगीच असतं, आणि वैमानिक जातो तो हा शब्द बदलायचा की पुसायचा हे ठरवण्यासाठी.

बरं, मग आधी खात्री करून मग का पाठवत नाही? कारण वेळ. ताशी ९०० किलोमीटरने येणारं विमान मिनिटाला १५ किलोमीटर कापतं. हा शुक्र की आणखी काही, यावर दहा मिनिटं चर्चा केली तर तेवढ्यात ते दीडशे किलोमीटर आत आलेलं असतं. मुंबईच्या किनाऱ्यावरून निघून पुणं मागे पडलं, एवढं अंतर. म्हणून वैमानिक सज्ज बसवून ठेवलेले असतात, आणि म्हणून नुसत्या शंकेवरही विमान उडतं. घराचं दार रात्री दोन वाजता वाजलं तर आपण उठून दिवा लावतो. वाऱ्याने वाजलं असेल हे माहीत असतं, तरी उठतो.

१९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळच्या विमानतळावर हेच झालं. दुपारी अडीचच्या सुमारास तिथल्या लोकांना नुसत्या डोळ्यांनी एक अनोळखी वस्तू दिसली. विमानतळाचं आकाश सुमारे तीन तास बंद राहिलं, येणारी दोन विमानं दुसरीकडे वळवावी लागली. हवाई दलाच्या पूर्व विभागाने जाहीर केलं की विमानतळावरून मिळालेल्या प्रत्यक्षदर्शी माहितीवरून हवाई संरक्षणाची यंत्रणा सुरू केली, पण ती छोटी वस्तू नंतर दिसली नाही. राफेल विमानांनी शोध घेतल्याच्या बातम्या आल्या. लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, राफेल उडालं म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर होतं. दुसऱ्याचं, एवढ्याशा फुग्यासाठी किंवा ड्रोनसाठी राफेल? त्या वर्षी मे महिन्यापासून मणिपूर पेटलेलं होतं, म्यानमारची सीमा जवळ, आणि प्रवासी विमानं उतरण्याच्या मार्गात कसलीतरी वस्तू. त्या खुर्चीत मी असतो तर मीही विमान मागितलं असतं, आणि परत आलेल्या वैमानिकाने "काही नाही" म्हटल्यावर समाधानाने नोंद बंद केली असती. "काही नाही" हे आमच्या कामातलं सर्वात चांगलं उत्तर आहे.

आता साध्या स्पष्टीकरणांकडे येऊ. लोकांना ती पळवाट वाटतात, कारण "शुक्र होता" हे नेहमी फार पटकन, फार उर्मटपणे सांगितलं जातं. नीट सांगितलं तर ती गोष्ट थक्क करणारी आहे. लडाखचंच बघा. ऑगस्ट २०१२ पासून फेब्रुवारी २०१३ पर्यंत पँगाँग सरोवराच्या भागात आपल्या जवानांनी अनोळखी प्रकाशगोलांच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांतल्या १५५ वेळा त्या वस्तूने प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडली, असं नोंदवलं गेलं. ही टेहळणी करणारी चिनी ड्रोन असावीत असा संशय होता. डोंगरावर रडार नेलं, त्यावर काहीच उमटेना. शेवटी भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारलं. जवानांच्या नोंदींत एक वस्तू संध्याकाळी सहाच्या सुमारास क्षितिजावर येई आणि पहाटे पाचपर्यंत दिसे. दुसरी पहाटे चारला येई आणि सकाळी अकरापर्यंत दिसत राही. पहिली गुरू ग्रह निघाली, दुसरी शुक्र.

यावर तेव्हा खूप हसले लोक. मला त्या हसण्याचा राग येतो. चौदा हजार फुटांवर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, रात्रभर उभा राहून जो जवान ३२९ नोंदी वेळेसकट लिहितो, त्याने आपलं काम चोख केलं. त्या वेळा लिहिल्या होत्या म्हणूनच शास्त्रज्ञांना उत्तर मिळालं. चूक पाहण्यात नव्हती, लावलेल्या अर्थात होती. आणि तो अर्थ कसा लागला तेही समजण्यासारखं आहे. ३ डिसेंबर २०१२ ला गुरू सूर्याच्या बरोबर समोर होता, म्हणजे सूर्य मावळताना तो उगवत होता आणि वर्षातला सर्वात तेजस्वी होता. विरळ, कोरड्या हवेत तो आणखी झळकतो. पूर्व लडाखमध्ये पूर्वेला चीन. पृथ्वी फिरते त्यामुळे आकाशातला प्रत्येक दिवा तिथे रोज चीनच्या बाजूने उगवणार, डोक्यावरून भारतात येणार आणि आपल्या हद्दीत मावळणार. जवानाच्या वहीत त्याची नोंद "घुसखोरी" अशीच होणार. पुढे एप्रिल २०१३ मध्ये लडाखमध्येच देपसांगला चिनी सैनिकांनी तंबू ठोकले आणि तीन आठवडे पेच चालला. ज्या सीमेवर खरी घुसखोरी होते, तिथल्या पहारेकऱ्याने दिव्याकडे संशयाने पाहू नये असं कोणत्या तोंडाने सांगणार?

एक गोष्ट मात्र मला तिथे चुकलेली वाटते. रडारवर काही दिसत नाही, याचा अर्थ "वस्तू धातूची नाही" असा काढला गेला. गुरू तेव्हा साठ कोटी किलोमीटरवर होता. काहीशे किलोमीटर पाहणाऱ्या रडारला तो दिसणार कसा? डोळ्यांना ठळक आणि रडारला शून्य, असं असेल तर पहिला संशय खूप लांबच्या वस्तूचा घ्यायला हवा. डोळ्याला अंतर कळतच नाही. रात्रीच्या आकाशात, आजूबाजूला काही नसताना, दोन किलोमीटरवरचा टॉर्च आणि साठ कोटी किलोमीटरवरचा ग्रह यांत फरक करायला आपल्याकडे साधन नाही. शिवाय अंधारातल्या एकट्या दिव्याकडे टक लावली की तो सरकल्यासारखा भासतो. दिवा जागच्या जागी असतो, डोळा बारीक बारीक हलत असतो.

माझ्याही वाट्याला असा एक फोन आला होता. पश्चिम सीमेवरच्या चौकीतला जवान, कोल्हापूरकडचा. माझं आडनाव ऐकून मराठीतच बोलायला लागला. "साहेब, दिवा हाय. लाल हुतोय, हिरवा हुतोय. हेलिकॉप्टर असणार." पडद्यावर काही नव्हतं. मी त्याला म्हटलं, चौकीच्या खांबाला खांदा लावून उभा राहा, डोकं हलवू नकोस आणि दिवा कुंपणाच्या कुठल्या तारेच्या वर आहे ते बघ. दहा मिनिटांनी परत बघ. दहा मिनिटांनी तो म्हणाला, "साहेब, बोटभर वर चढलाय, उजवीकडं सरकलाय. पर लई सावकाश." व्याधाचा तारा होता तो. क्षितिजालगतच्या जाड हवेतून येताना त्याचा प्रकाश रंग बदलत थरथरतो. त्याला सांगितल्यावर तो शरमला. मी म्हटलं, शरमू नकोस, उद्या पुन्हा दिसलं तर पुन्हा फोन कर. मला हे मनापासून वाटतं. ज्या दिवशी जवान हसतील म्हणून फोन करायचा थांबेल, त्या दिवशी संरक्षणाला भोक पडलं.

रडारला आपण डोळ्यापेक्षा खरं मानतो. तेही फसतं. हवेत थंड थरावर गरम थर बसला की रडारची लाट सरळ न जाता जमिनीच्या वळणाने वाकत जाते आणि भलतंच काही दाखवते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात हे इतकं जोरात होतं की दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या एका रडारवर थेट अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटत होते, हजार ते दीड हजार मैलांवरचे! उशिरा परतलेला प्रतिध्वनी पडद्यावर भलत्याच, जवळच्या जागी उमटतो, आणि जिथे पाणी असायला हवं तिथे काहीतरी उभं दिसतं. जुलै १९५२ मध्ये वॉशिंग्टनच्या आकाशात सलग दोन शनिवार-रविवारी रात्री रडारवर अनोळखी ठिपके आले. डेलावेअरहून एफ-९४ लढाऊ विमानं धाडली. २९ जुलैला जनरल जॉन सॅमफर्ड यांनी पत्रकार परिषद घेऊन हवेतल्या तापमानाच्या उलट्या थरांकडे बोट दाखवलं. या खुलाशावर आजही वाद होतात. पण असा थर असलेल्या रात्री मी स्वतः ठिपके उगवताना, उडी मारताना आणि विरताना पाहिले आहेत, त्यामुळे मला तो खुलासा हास्यास्पद वाटत नाही.

रडारची दुसरी बाजू लोकांना फारशी माहीत नसते, आणि फेब्रुवारी २०२३ चं अमेरिकेतलं प्रकरण तिच्याशिवाय कळत नाही. रडारवर पक्षी, पाऊस, ढग, महामार्गावरची वाहनं असं सगळं येत असतं. सगळंच दाखवलं तर कंट्रोलर आंधळा होईल. म्हणून अमुक वेगापेक्षा हळू चालणारं गाळून टाकायचं, अशी चाळणी लावलेली असते. २०२३ च्या जानेवारीअखेर चीनचा एक प्रचंड फुगा, सुमारे दोनशे फूट उंचीचा, साठ हजार फुटांवरून अमेरिकेवर तरंगत आला. लोकांनी जमिनीवरून फोटो काढले. ४ फेब्रुवारीला साऊथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यापलीकडे एफ-२२ ने तो पाडला. मग सैन्याने चाळणीची भोकं बारीक केली, म्हणजे हळू आणि लहान वस्तूही दिसू लागल्या. आणि काय झालं? १० तारखेला अलास्कात एक, ११ ला कॅनडाच्या युकॉनमध्ये एक, १२ ला ह्युरॉन सरोवरावर एक, अशा तीन वस्तू तीन दिवसांत पाडल्या. जगभर चर्चा, की आकाशात अचानक हे काय सुरू झालं. आकाशात नवीन काहीही सुरू झालं नव्हतं. चाळणी बदलली होती. अमेरिका आणि कॅनडाच्या आकाशाची राखण करणाऱ्या नॉराडचे तेव्हाचे प्रमुख जनरल ग्लेन व्हॅनहर्क यांनी ते तेव्हाच उघडपणे सांगितलं होतं.

१६ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी सांगितलं की त्या तीन वस्तू बहुधा खासगी कंपन्या, हौशी मंडळी किंवा संशोधन संस्थांचे फुगे असाव्यात. दुसऱ्याच दिवशी अलास्का आणि ह्युरॉनमधला शोध थांबवला. उत्तर इलिनॉयमधल्या फुगे सोडणाऱ्या एका हौशी मंडळाचा चंदेरी फुगा नेमका १० तारखेला अलास्काच्या किनाऱ्याजवळ शेवटचा संदेश देऊन गप्प झाला होता आणि वाऱ्याच्या हिशेबाने ११ ला तो युकॉनवर असायला हवा होता. असा फुगा वाढदिवसाच्या चकचकीत फुग्याच्या जातीचा, खाली बोटभर सौर पट्टी आणि काही ग्रॅमचा ट्रान्समीटर. त्याच्यासारख्या वस्तूवर सोडलेल्या एकेका क्षेपणास्त्राची किंमत चार लाख डॉलरच्या वर. ह्युरॉनवरचं पहिलं क्षेपणास्त्र तर चुकून सरोवरात पडलं.

इथे मी सैन्याच्या बाजूने बोलणार नाही. विमान पाठवणं बरोबर होतं, पाडण्याची घाई चुकीची होती. चिनी फुगा आठवडाभर डोक्यावरून गेल्याची टीका ताजी होती, आणि पुढच्या तीन निर्णयांवर तिची सावली पडली असं मला वाटतं. हेही खरं की तरंगणारी वस्तू लढाऊ विमानातून ओळखणं विलक्षण कठीण असतं. फुगा जवळजवळ उभा, आणि विमान शेकडो किलोमीटरच्या वेगाखाली गेलं तर कोसळणार. वैमानिकाला जवळून पाहायला दोन-चार सेकंद मिळतात, मग वळसा घेऊन पुन्हा. त्या तीन वस्तूंबद्दल वैमानिकांची वर्णनं एकमेकांशी जुळत नव्हती त्यात मला नवल वाटत नाही. पण वर्णनं जुळत नाहीत म्हणजे वस्तू अजून बोगीच आहे. बोगीवर क्षेपणास्त्र सोडायचं नसतं, जोवर ती कुणाच्या जिवावर उठलेली नाही.

याबाबत मी इतका आग्रही का, ते सांगतो. २७ फेब्रुवारी २०१९ ची सकाळ. बालाकोटनंतरचा दिवस, पाकिस्तानी विमानं चाल करून आलेली, श्रीनगरचं आकाश तणावाने भरलेलं. रडारवर हळू, खालून येणारा एक ठिपका. क्षेपणास्त्र सुटलं. बडगामला आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं. त्यातले हवाई दलाचे सहाही जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत एक वैमानिक नाशिकचे होते. हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंग भदौरिया यांनी ऑक्टोबरमध्ये ही आपली मोठी चूक होती असं जाहीरपणे कबूल केलं. मी तेव्हा निवृत्त झालो होतो. बातमी वाचल्यावर दोन रात्री मला पडदा दिसत राहिला. तो ठिपका मी शेकडो वेळा पाहिलेला आहे. अनोळखी उडती वस्तू म्हटलं की लोकांना परग्रहावरचे पाहुणे आठवतात. मला बडगाम आठवतं. ओळख न पटलेली ती वस्तू आपली होती.

म्हणून "दिसलं की पाडा" म्हणणाऱ्यांशी माझं सगळ्यात जास्त भांडण आहे. आकाशात ओळख चुकल्याने किती माणसं गेली आहेत! १९८३ मध्ये सोव्हिएत विमानाने कोरियन प्रवासी विमान पाडलं, २६९ माणसं. १९८८ मध्ये अमेरिकन युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं. २०२० मध्ये तेहरानजवळ युक्रेनचं विमान, १७६ माणसं. प्रत्येक वेळी पडद्यासमोर माझ्यासारखाच कुणीतरी बसला होता आणि प्रत्येक वेळी त्याला वाटलं की आता विचारायला वेळ नाही.

पाडणं नेहमीच चूक, असं मात्र नाही. २६ जानेवारी २०१६ ला प्रजासत्ताक दिनी राजस्थान सीमेवर रडारवर फुग्यासारखी वस्तू दिसली, सुखोई-३० ने ती पाडली. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी तो फुगा पाकिस्तानच्या बाजूने आल्याचं सांगितलं. खाली वस्ती विरळ, आकाशात प्रवासी विमान नाही, आणि सीमेवरून येणारी वस्तू आपली सज्जता चाचपायला सोडलेली असू शकते. तिथे पाडणं मला पटतं.

पाठवलेल्या वैमानिकाच्या जिवाचाही विचार करावा लागतो. ७ जानेवारी १९४८ ला अमेरिकेत केंटकीमध्ये गॉडमन विमानतळावरून आकाशात मोठी चमकती वस्तू दिसली. जवळून जाणाऱ्या मस्टँग विमानांना बघायला सांगितलं. कॅप्टन थॉमस मँटेल, वय २५, महायुद्ध लढलेले. सोबतचे मागे फिरले, मँटेल वर चढत राहिले. विमानात प्राणवायूची सोय नव्हती. बावीस हजार फुटांच्या वर गेल्यावर त्यांची शुद्ध हरपली असावी. विमान कोसळलं. आधी सांगितलं गेलं की ते शुक्रामागे गेले. लोकांचा विश्वास बसला नाही, आणि बसायलाही नको होता. ती वस्तू बहुधा स्कायहूक जातीचा प्रचंड संशोधन फुगा होती. तो प्रकल्प नौदलाचा, गुप्त. विमानतळावरच्या कुणालाही त्याची कल्पना नव्हती. या एका घटनेत लपवाछपवी खरीच होती, पण परग्रहाची नव्हे, फुग्याची. आणि एका सैन्यदलाने दुसऱ्याला न सांगितल्यामुळे तरुण माणूस गेला. सरकार काहीतरी लपवतं हा लोकांचा संशय अगदी हवेतून आलेला नाही, हे मी मान्य करतो.

"पण वैमानिक तर निष्णात असतो, त्याला चांदणी कळत नाही का?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो. वैमानिक विमान ओळखण्यात निष्णात असतो. अनोळखी आकाराचं अंतर त्यालाही कळत नाही. अमेरिकन नौदलाचा २०१५ चा एक व्हिडिओ प्रसिद्ध आहे, पाण्यावरून एक ठिपका भन्नाट वेगाने जाताना दिसतो. एसटीच्या खिडकीतून बघताना रस्त्याकडेचं झाड मागच्या डोंगरावरून पळताना दिसतं ना, तोच प्रकार. पडद्यावर विमानाची उंची, कॅमेऱ्याचा कोन आणि अंतर लिहिलेलं आहे. त्यावरून गणित मांडता येतं. नासाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने ते २०२३ च्या अहवालात मांडलं. वस्तू सुमारे तेरा हजार फुटांवर होती आणि तिचा वेग ताशी चाळीस मैलांच्या आसपास, म्हणजे वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या कशाचाही. पळत होतं ते कॅमेरा बसवलेलं विमान.

एवढं सगळं सांगून मी "सगळं साधंच असतं" या तटात जाऊन बसणार नाही. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून दोन स्फोटकं टाकली गेली, दोघे जखमी झाले. लहान, हळू, खालून येणारी, चाळणीतून गळून जाणारी वस्तू. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या लँगली या हवाई तळावर अनेक रात्री अनोळखी ड्रोन घिरट्या घालत होते. त्यानंतर वर्षभराने न्यू जर्सीत ड्रोनची आवई उठली, एफबीआयकडे पाच हजारांवर खबरा आल्या, त्यांतल्या जेमतेम शंभर पुढे तपासण्याजोग्या निघाल्या, बाकीत विमानं, हेलिकॉप्टरं आणि चक्क तारे. एका माजी राज्यपालांनी ड्रोन म्हणून जे चित्रण दाखवलं त्यात मृग नक्षत्र होतं. खरा ड्रोन आणि मृग नक्षत्र एकाच रात्री, एकाच आकाशात असतात, अडचण ती आहे. अमेरिकेच्या हवाई दलाने १९६९ पर्यंत १२,६१८ प्रकरणं तपासली, त्यांतली ७०१ अनोळखी राहिली. अनोळखी म्हणजे माहिती पुरली नाही, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो. माझ्या स्वतःच्या वहीतही अशा चार-पाच नोंदी आहेत.

आता तुम्हाला कधी काही दिसलं तर काय करायचं, तेवढं सांगतो. खांबाला किंवा भिंतीच्या कडेला टेकून उभे राहा आणि वेळ, दिशा लिहा. हात लांब करून मूठ धरली की सुमारे दहा अंश होतात, क्षितिजापासून किती मुठी वर ते मोजा. मोबाइलवर चित्रण करताना झाड, छप्पर असं काही चौकटीत ठेवा, नुसता अंधार आणि ठिपका कुणाच्याच उपयोगाचा नाही. दुसऱ्या रात्री त्याच जागी उभे राहा. तोच दिवा सुमारे चार मिनिटं आधी त्याच जागी आला तर तो तारा किंवा ग्रह. तारे रोज तेवढे लवकर उगवतात, माणसाचं यंत्र हा हिशेब पाळत नाही. संध्याकाळनंतर किंवा पहाटे मण्यांच्या माळेसारखी दिव्यांची रांग गेली तर ते स्टारलिंकचे उपग्रह. उल्का दोन-तीन सेकंदांत संपते. जळत परतणारा रॉकेटचा तुकडा सावकाश, आडवा, तुटत तुटत जातो. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भातल्या लोकांनी तो पाहिला. चिनी रॉकेटचा टप्पा होता तो, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला जवळपास तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं.

सोलापूर, लातूर, नांदेडकडच्या मंडळींसाठी आणखी एक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र हैदराबादला आहे. पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचे प्लास्टिकचे फुगे तिथून रात्री सुटतात आणि तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर जातात. पहाटे जमिनीवर अंधार असताना वर त्यांना ऊन लागतं, तेव्हा ते एखाद्या जागच्या जागी थांबलेल्या पांढऱ्या गोळ्यासारखे दिसतात. उपकरणांच्या पेट्या रंगीत पॅराशूटने खाली येतात, कधी कुणाच्या शेतात. पेटीवर पत्ता आणि फोन लिहिलेला असतो. ती उघडू नका, हलवू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. कळवणाऱ्याला संस्था बक्षीस आणि खर्च देते.